लूमचा मिस्त्री मिळतो, मग कॉम्प्युटरचा का मिळत नाही? ओपन सोर्स विरुद्ध कंपनीची ऑपरेटिंग सिस्टीम



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. तेव्हापासून टेमघरमध्ये ओळखीचं कोणी भेटलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "तू कॉम्प्युटरमध्येच पीएच.डी. करतेयस ना? मग सांग, आमचा कॉम्प्युटर तर मस्त चालतोय. तो बाद कसा काय झाला?" आणि त्यालाच जोडून दुसरा: "लिनक्स टाकू का?"

हा दुसरा प्रश्न चारचौघांत विचारला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, लिनक्स फुकट, सुरक्षित, व्हायरस नाही. दुसरी म्हणते, फुकटच्या वस्तूची जबाबदारी कोण घेणार, कंपनीचं ते कंपनीचं. हा वाद चाळीसेक वर्षं चालू आहे आणि त्यावर बरंच संशोधनही झालंय. माझा विषय सॉफ्टवेअरची देखभाल. सॉफ्टवेअर लिहून झाल्यावर पुढची दहा-वीस वर्षं ते कोण सांभाळतं आणि सांभाळणं थांबलं की काय होतं, याचा अभ्यास. त्यामुळे या वादातले नेहमीचे मुद्दे एकेक करून तपासू. शेवटी टेमघरमधल्या कोणी काय करावं, तेही सांगते.

आधी 'ओपन' म्हणजे काय ते

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरचा मुकादम. कीबोर्ड, स्क्रीन, प्रिंटर, मेमरी, तुमचे प्रोग्रॅम, सगळ्यांना काम वाटून देणारी. विंडोज, मॅकओएस, लिनक्स, फोनमधलं अँड्रॉइड, या सगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमच.

आपण भिवंडीकर, तेव्हा उदाहरण कापडाचंच घेऊ. जॅकार्डच्या मागावर डिझाइन कसं उठतं? भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ असते, आणि कोणता धागा वर उचलायचा ते पत्त्यातली भोकं ठरवतात. (कॉम्प्युटरमध्ये वापरलेली पंच कार्डं याच कल्पनेतून आली.) तुम्ही कापड विकत घेतलं की तुम्हाला डिझाइन दिसतं, पण पत्ते मिळत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये त्या पत्त्यांच्या जागी असतो सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर. विंडोज घेतलं की तयार कापड मिळतं. लिनक्स घेतलं की कापडाबरोबर पत्तेही मिळतात. शिवाय ते पत्ते बदलायची, त्यावर नवं कापड काढायची आणि ते दुसऱ्याला द्यायची परवानगीही मिळते.

ही परवानगी महत्त्वाची आहे. नुसतं बघायला तर मायक्रोसॉफ्टही देते. २००३ पासून काही सरकारांना ती विंडोजचा कोड अटी घालून तपासू देते. पण बघायला मिळणं वेगळं आणि दुरुस्त करून वापरायचा हक्क असणं वेगळं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तो याच हक्कासाठी. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि पुढे तो स्टॉलमन यांच्याच जीपीएल लायसन्सखाली आणला.

मुद्दा पहिला: "लिनक्स फुकट आहे"

हा मुद्दा मी लवकर संपवते, कारण आपल्याकडे तो फारसा चालत नाही. दुकानात "विंडोज मारून द्या" म्हटलं की दोन-चारशे रुपयांत काम होतं, आणि त्यातली किती लायसन्सची असतात ते तुम्हाला माहीतच आहे. चोरीचं विंडोजही फुकटच पडतं. उलट ओपन सोर्स विकून मोठ्या झालेल्या कंपन्या आहेत. रेड हॅट ही त्यातली प्रसिद्ध. ती पैसे घेते ते कोडचे नव्हे, सांभाळण्याचे. किंमत आणि मोकळेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केली की पुढचं सगळंच चुकतं.

मुद्दा दुसरा: "ओपन आहे म्हणून जास्त सुरक्षित"

इथे संशोधन खरोखर मजेशीर आहे.

१९८८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातले बार्टन मिलर घरून टेलिफोनच्या लाइनवर विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला जोडलेले होते. बाहेर वादळी पाऊस. लाइनवर खरखर होऊन टाइप केलेल्या कमांडमध्ये भलतीच अक्षरं घुसत होती. खराब अक्षरं आली तर प्रोग्रॅमने "समजलं नाही" म्हणावं, एवढीच अपेक्षा. पण रोजच्या वापरातले प्रोग्रॅम चक्क कोसळत होते. मिलर यांनी ठरवलं, हे मुद्दाम करून बघायचं. प्रोग्रॅमला वेडावाकडा कचरा खायला घालायचा आणि तो कोसळतो की लटकतो ते मोजायचं. या पद्धतीला त्यांनी 'फझ' नाव दिलं. आज सॉफ्टवेअर तपासायची ती एक मुख्य पद्धत आहे.

१९९५ मध्ये त्यांनी हीच चाचणी मोठ्या प्रमाणावर केली. मोठमोठ्या कंपन्यांच्या युनिक्स सिस्टीमवर १५ ते ४३ टक्के प्रोग्रॅम नापास झाले. फुकट मिळणाऱ्या लिनक्स आणि ग्नूच्या प्रोग्रॅममध्ये हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत होतं. ओपन सोर्सवाल्यांनी हा निकाल मिरवला, आणि ते साहजिकच होतं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० च्या सुमारास जुनीच चाचणी पुन्हा केली. तेव्हा लिनक्सवर १२ टक्के, मॅकओएसवर १६ टक्के आणि फ्रीबीएसडी या दुसऱ्या ओपन सोर्स सिस्टीमवर १९ टक्के प्रोग्रॅम नापास झाले. म्हणजे पंचवीस वर्षं कोड सगळ्यांसमोर उघडा असूनही लिनक्सचा आकडा खाली आला नाही, आणि एक ओपन सिस्टीम कंपनीच्या सिस्टीमपेक्षाही मागे पडली.

ओपन सोर्सच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं की हजारो लोक कोड बघतात, त्यामुळे चूक लपत नाही. बघू शकतात हे खरं, पण खरंच बघतात का? लिनक्सवर सगळीकडे असलेल्या 'बॅश' या प्रोग्रॅममधली 'शेलशॉक' नावाची चूक २०१४ मध्ये सापडली, आणि ती १९८९ पासून तिथेच होती. पंचवीस वर्षं. त्याच वर्षी 'हार्टब्लीड' सापडली. जगभरच्या वेबसाइट ज्या ओपनएसएसएलच्या भरवशावर चालत होत्या, ते सांभाळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच होती.

मार्च २०२४ चा किस्सा तर सिनेमा काढण्यासारखा आहे. 'एक्सझेड' हे फाइल दाबून लहान करणारं छोटं ओपन सोर्स साधन. ते मुख्यतः एकच माणूस मोकळ्या वेळात सांभाळत होता. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून, मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून त्याने माग काढला. हा माणूस नोकरीला कुठे होता, तर मायक्रोसॉफ्टमध्ये!

या किश्शातून दोन्ही पार्ट्या आपापला निष्कर्ष काढतात. एक म्हणते, बघा, ओपनमध्ये कोणीही घुसतं. दुसरी म्हणते, बघा, ओपन होतं म्हणूनच पकडलं. दोघांचंही खरं आहे. केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनी २००२ मध्ये हेच गणिताने मांडलं होतं. कोड उघडा केला की चूक शोधणं हल्लेखोराला सोपं होतं आणि राखणदारालाही तेवढंच सोपं होतं, त्यामुळे आदर्श परिस्थितीत हिशेब बरोबरीत सुटतो. फरक पडतो तो प्रत्यक्षातल्या गोष्टींनी: चूक कळल्यावर ती दुरुस्त कोण करतं, किती लवकर करतं, आणि ती दुरुस्ती तुमच्या मशीनपर्यंत पोचते का.

मुद्दा तिसरा: "कंपनी आहे, म्हणजे जबाबदारी आहे"

आता दुसऱ्या पार्टीकडे वळू.

२७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. सुरुवात युक्रेनमध्ये झाली, तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या गटाचं न्हावा शेवा बंदरातलं टर्मिनलही ठप्प झालं. कुठे युक्रेनमधलं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि कुठे जेएनपीटीच्या गेटवर अडकलेले कंटेनर! त्या बंदरातला माल भिवंडीच्या गोदामांत येतो, त्यामुळे ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही. मर्स्कने आपलं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या आसपास सांगितलं. हा व्हायरस विंडोजमधल्या ज्या छिद्रातून पसरला त्यातल्या एकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. त्याच छिद्रातून मे महिन्यात 'वॉनाक्राय' पसरून गेला होता. म्हणजे कंपनीने आपलं काम केलं होतं, पण पॅच सगळीकडे बसलेला नव्हता. शिवाय नॉटपेट्या पासवर्ड चोरूनही पसरत होता, त्यामुळे एकट्या पॅचने भागलंही नसतं.

'जबाबदारी' या शब्दाबद्दलही थोडं. विंडोज बसवताना आपण न वाचता 'आय ॲक्सेप्ट' दाबतो ना, त्या करारात नुकसानभरपाई अगदी मर्यादित ठेवलेली असते. जीपीएलमध्ये तर सरळ लिहिलेलं असतं की हमी नाही. नुकसान झाल्यावर भरून कोण देणार, या बाबतीत दोघांत उन्नीस-बीसचाच फरक. कंपनी असल्याचा खरा फायदा वेगळाच आहे: फोन करायला नंबर असतो, पॅच ठरल्या दिवशी येतात, आणि प्रिंटरपासून टॅलीपर्यंत सगळे आपला माल तिच्यासाठी बनवतात. हे फायदे लहान नाहीत.

तोटाही तसाच मोठा आहे, आणि तो जुलै २०२५ मध्ये मुंबईतच दिसला. नायरा एनर्जी ही तेल कंपनी. मुख्य कार्यालय मुंबईत, रिफायनरी गुजरातेत वाडीनारला. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टची जवळपास निम्मी भागीदारी आहे, म्हणून युरोपियन युनियनने तिच्यावर निर्बंध घातले. लगेच मायक्रोसॉफ्टने तिचं ईमेल आणि टीम्स बंद केलं. भारतीय कायद्याने नायराचा व्यवहार चालू, पैसे भरलेले, तरीही सेवा बंद. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली आणि काही दिवसांत सेवा पुन्हा सुरू झाली. ही ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती, क्लाउडवरची सेवा होती. पण प्रश्न तोच: चावी कोणाकडे आहे?

मग खरा फरक कशात?

सुरक्षिततेत बरोबरी, भरपाईत बरोबरी, किंमत आपल्याकडे गैरलागू. मग उरलं काय? उरतो दुरुस्तीचा हक्क, आणि हे समजून घ्यायला आपल्याएवढी चांगली जागा दुसरी नाही.

भिवंडीत मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग आले आणि इथे पुढची कित्येक दशकं चालले. कसे चालले? मूळ कंपनीच्या भरवशावर नक्कीच नाही. साध्या मागाचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताने मोजता येतो. पिकिंग स्टिक तुटली, गिअर झिजला, तर मिस्त्री बघतो आणि गावातलाच वर्कशॉपवाला तसाच भाग करून देतो. मूळ कंपनी आहे की बुडाली, याने फरक पडत नाही.

आता त्याच्या शेजारी नवा रेपिअर किंवा एअरजेट माग ठेवा. वेग कितीतरी जास्त, कापड सरस, पण आत इलेक्ट्रॉनिक कार्डं आणि सॉफ्टवेअर. कार्ड गेलं की आपला मिस्त्री हात टेकतो आणि कंपनीच्या इंजिनिअरची वाट बघावी लागते. म्हणून कोणी 'जुना मागच बरा' म्हणणार नाही, धंद्यात टिकायचं तर नवा लागतोच. पण नवा घेताना पार्ट कुठून येणार, इंजिनिअर कुठे बसतो, हे कारखानदार विचारतोच. कॉम्प्युटर घेताना मात्र आपण हा प्रश्न विचारत नाही.

विंडोज १० चं नेमकं हेच झालंय. मशीन बंद पडलेलं नाही, उद्याही चालू होईल. थांबलेत ते सुरक्षेचे मोफत पॅच. यात एक बारीक गोम आहे जी फारसं कोणी सांगत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये बराच कोड सामाईक आहे. दर महिन्याला ११ साठी पॅच येतो तेव्हा जुनी आणि नवी फाइल ताडून बघितली की कुठे काय दुरुस्त केलं ते हल्लेखोरांना कळतं. तेच छिद्र १० मध्ये असेल, तर तिथे ते उघडंच राहिलेलं असतं. म्हणजे जसे महिने जातील तसा धोका वाढत जाणार. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण २०१७ च्या शेवटी किंवा त्यानंतर आलेला प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट मशीनही रांगेबाहेर पडतात. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव पॅचची सोय ठेवलीय. त्यानंतर तुमच्या मशीनवर विंडोज १० जिवंत ठेवायचं की नाही, हे जगात एकच कंपनी ठरवू शकते. इतर कितीही हुशार इंजिनिअर एकत्र आले तरी त्यांच्याकडे ना 'पत्ते' आहेत ना परवानगी.

लिनक्सवालेही जुनं सोडतात, हेही सांगायला हवं. टोरवाल्ड्सनी पहिला लिनक्स ज्या इंटेल ३८६ प्रोसेसरवर लिहिला, त्याच प्रोसेसरचा आधार डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्समधून काढला गेला. पण ३८६ बाजारात आला होता १९८५ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. शिवाय जुना कोड तसाच उपलब्ध आहे, ज्याला गरज आहे तो घेऊन पुढे सांभाळू शकतो.

पण हक्क असून मिस्त्रीच नसेल तर?

आता ओपन सोर्सवाल्यांना न आवडणारा भाग. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन बघा. त्याचा गाभा लिनक्सच आहे, कोड उघडा आहे. तरी कितीतरी स्वस्त फोनना दोन-तीन वर्षांत अपडेट बंद होतात, बाहेरचा कोणी सहसा काही करू शकत नाही. कारण चिपचे ड्रायव्हर बंद असतात, आणि बऱ्याच फोनमध्ये दुसरी सिस्टीम टाकू नये म्हणून कुलूप असतं. कागदावर हक्क आहे, हातात स्क्रूड्रायव्हर नाही.

संस्थांचंही तसंच. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, दहा वर्षांत पंधराएक हजार कॉम्प्युटर बदलले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजवर यायचा ठराव केला. राजकारण होतं, पण तेवढंच नव्हतं. खात्याखात्यांतले खास प्रोग्रॅम विंडोजवरच चालत, दोन्ही प्रकारची मशीनं एकत्र सांभाळावी लागत, बाहेरून आलेल्या फाइल नीट उघडत नसत.

याच्या उलट उदाहरण आपल्या देशातच आहे. केरळात २००१ मध्ये 'आयटी@स्कूल' हा सरकारी प्रकल्प सुरू झाला आणि तिथल्या शाळा हळूहळू लिनक्सवर गेल्या. आज हेच काम 'काइट' ही सरकारी संस्था बघते. २०१९ मध्ये दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर लिनक्स आणून सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील, असं काइटने सांगितलं होतं. आकडा त्यांचा आहे. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी शिक्षकांना शिकवलं, शिक्षकांतून प्रशिक्षक तयार केले, आणि नंतर 'लिटल काइट्स' क्लब काढून मुलांनाही तयार केलं. भिवंडीत मागाला जसा गल्लीत मिस्त्री मिळतो, तसा तिथे शाळेच्या कॉम्प्युटरला शाळेतच मिस्त्री मिळाला.

म्हणजे अभ्यासातून माझ्या हाती लागलेलं साधं सूत्र असं: ओपन सोर्स तुम्हाला दुरुस्तीचा हक्क देतं, आणि तो वापरणारं माणूस जवळ असेल तरच त्या हक्काला किंमत आहे. बंद सॉफ्टवेअर हक्क देत नाही, पण त्याबदल्यात कंपनी जोवर तुमच्याकडे बघते आहे तोवर सोय देते. कंपनीने लक्ष काढून घेतलं की सोयही गेली.

आपल्या मराठीचं काय?

दुरुस्तीचा हक्क भाषेलाही लागतो. विंडोजवर वर्षानुवर्षं मराठी दिसत आली ती 'मंगल' फाँटमध्ये. तो घडवला आपल्या मुंबईतल्या र. कृ. जोशींनी. याच जोशी सरांनी एनसीएसटी या सरकारी संस्थेत केलेला 'रघु' फाँट मात्र मुक्त लायसन्सखाली आला. पुढे रेड हॅटने 'लोहित' हे मुक्त फाँट दिले, आणि लिनक्सच्या मराठीकरणाचं बरंच काम पुण्यातून झालं.

फरक कुठे जाणवतो ते 'ॲ' वरून बघा. 'ॲप', 'ॲडमिशन' मधलं हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये. त्याआधीच्या फाँटात ते असणं शक्यच नव्हतं, तिथे चौकोन दिसायचा. मुक्त फाँटात असं राहिलेलं अक्षर कोणीही जाणकार बसवून सगळ्यांना देऊ शकतो. मालकीच्या फाँटात मालकाला वाटेल तेव्हा.

याहून मोठा फटका डीटीपीवाल्यांना माहीत आहे. युनिकोडच्या आधीच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. तो फाँट किंवा ते सॉफ्टवेअर नसलं की जुनी फाइल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. लग्नपत्रिका गेली तर चालतं, पण त्यात संस्थांचे अहवाल, मासिकांचे अंक, पुस्तकंही अडकलीत. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम कोणतीही असो, फाइल कशात साठवता हा प्रश्न तेवढाच मोठा आहे.

बरं, मग टेमघरकरांनी करायचं काय?

*तुम्ही लूमच्या किंवा गोदामाच्या ऑफिसात हिशेब बघता.* टॅली विंडोजसाठी बनतं, तुमचा सीए तेच मागतो. कोणी सांगितलं म्हणून उद्या लिनक्स टाकू नका. मशीन विंडोज ११ घेतं का बघा. घेत नसेल तर वाढीव पॅचची मुदत वापरा आणि तोवर नव्या मशीनची तजवीज करा. डेटाचा बॅकअप रोज, आणि मशीनपासून वेगळ्या ठिकाणी. नॉटपेट्याचा खरा धडा हाच आहे.

*घरी जुना कॉम्प्युटर आहे, मुलं अभ्यासाला वापरतात.* इथे लिनक्स बहुतेक वेळा उत्तम. ब्राउझर, लिबरऑफिस, प्रोग्रॅमिंग, सगळं होतं. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षं मोफत पॅच मिळतात. शिकायला आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे छोटे व्हिडिओ आहेत, त्यातले बरेच मराठीत.

*तुमचं झेरॉक्स-प्रिंटिंगचं किंवा डीटीपीचं दुकान आहे.* फोटोशॉप आणि कोरलड्रॉ लिनक्ससाठी बनत नाहीत, त्यामुळे डिझाइनचं मशीन विंडोजवरच ठेवा. फक्त फॉर्म भरायचं आणि प्रिंट काढायचं मशीन लिनक्सवर जाऊ शकतं, पण आधी तुमचा प्रिंटर-स्कॅनर त्यावर चालतो का ते तपासा. जुन्या फाँटातलं जपून ठेवण्यासारखं काम आत्ताच युनिकोडमध्ये करून ठेवा.

*सपोर्ट संपलेलंच विंडोज वापरत राहायचं आहे.* वाढीव पॅचही घेतले नसतील तर त्यावर नेटबँकिंग करू नका आणि अनोळखी पेनड्राइव्ह लावू नका. शक्य असेल तर इंटरनेटच काढून टाका.

लिनक्स आवडेल की नाही हे बघायला काही पुसावं लागत नाही. पेनड्राइव्हवर लिनक्स टाका, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा आणि तासभर वापरून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग, या चार गोष्टी तपासा. इन्स्टॉल केलं नाही आणि पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा सुरू केलं, की तुमचं विंडोज जसंच्या तसं असतं.

आणि दुकानात कुठलीही सिस्टीम घेताना चार प्रश्न विचारा. पॅच कोणत्या तारखेपर्यंत मिळणार? ती तारीख उलटल्यावर दुसरं कोणी सांभाळू शकतं का? बिघडलं तर टेमघर-कल्याण पट्ट्यात दुरुस्त करणारं कोण आहे? आणि उद्या सोडायचं ठरवलं, तर माझ्या फाइल दुसरीकडे उघडतील का? दुकानदाराला चारही उत्तरं ठाऊक असतीलच असं नाही. पण पहिल्याचं उत्तर नेटवर दोन मिनिटांत मिळतं, आणि नवं मशीन घेण्याआधी निदान तेवढं तरी बघाच.

पुढच्या लेखात फोनमधलं हे कुलूप नेमकं कसं काम करतं ते बघू. भेटूच!